सर गवेन आणि हिरवा सरदार: ढालीवरचा तारा खरा की कमरेचा पट्टा?

आडवाट

आर्थर राजा म्हटलं की बहुतेकांना दगडातली तलवार, गोल टेबल आणि सरदार लान्सलॉट व आर्थरची राणी ग्विनिव्हियर यांचं प्रकरण आठवतं. पण या सगळ्या पसाऱ्यात प्रतिमांच्या बाबतीत सगळ्यात कसलेलं काव्य कोणतं असं मला विचाराल, तर मी 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट'चं नाव घेईन. चौदाव्या शतकाच्या अखेरीचं काव्य, २५३० ओळी. कवी अज्ञात. भाषा लंडनच्या दरबाराची नव्हे, चेशर-स्टॅफर्डशर पट्ट्यातली. जगात याची एकच हस्तलिखित प्रत आहे आणि तिच्यात 'पर्ल'सकट आणखी तीन काव्यं आहेत, बहुधा त्याच कवीची. सर रॉबर्ट कॉटनच्या ग्रंथसंग्रहात बहुतेक कपाटांवर एकेका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा असे. ही प्रत नीरोच्या कपाटातली. १७३१ साली त्या संग्रहाला आग लागली, त्यातून ही वाचली. छापून यायला १८३९ उजाडलं.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कॅमलॉटमध्ये, म्हणजे आर्थरच्या दरबारात, नववर्षाची मेजवानी चालू असताना एक आडदांड घोडेस्वार थेट दालनात घुसतो. कातडी, केस, दाढी, कपडे, घोडा, सगळं हिरवं. म्हणतो, चला खेळ खेळू. माझ्या कुऱ्हाडीने मला एक घाव घाला, वर्ष आणि एक दिवसाने मी तो परत करीन. आर्थरचा भाचा सर गवेन त्याचं मुंडकं उडवतो. ते घरंगळत लोकांच्या पायांत येतं, लोक त्याला लाथेने सरकवतात, आणि हा पठ्ठ्या ते केसांना धरून उचलतो, घोड्यावर चढतो. मुंडकं डोळे उघडून बजावतं: ठरलेल्या दिवशी हिरव्या देवळाशी ये.

गवेन निघतो. नाताळच्या आदल्या दिवशी एका गढीत पोचतो. यजमान म्हणतो, तीन दिवस मी शिकारीला जातो, तू लोळत पड. संध्याकाळी दिवसभरात ज्याला जे मिळालं ते दुसऱ्याला द्यायचं. यजमानीणबाई रोज सकाळी गवेनच्या पलंगाशी. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन चुंबनं मिळतात, ती तो इमानदारीत यजमानाला परत करतो. पण तिसऱ्या दिवशी ती त्याला एक हिरवा रेशमी पट्टाही देते. तो कमरेला असेल तर कुणी मारू शकत नाही म्हणते. हा पट्टा गवेन लपवतो. यजमान हाच तो हिरवा सरदार. देवळाशी तो तीनदा कुऱ्हाड उगारतो. दोनदा थांबतो, तिसऱ्यांदा मानेवर नुसता ओरखडा काढतो. तेवढी शिक्षा पट्ट्याबद्दल.

आता मुद्दा. या काव्यावर बोलताना सगळे हिरव्या रंगापाशी अडकतात. हिरवा म्हणजे निसर्ग, हिरवा म्हणजे वसंत, वनदेव वगैरे. मला वाटतं कवीचा सगळा जीव दुसऱ्याच जोडीत आहे: ढालीवरचा तारा आणि कमरेचा पट्टा.

गवेन निघतो तेव्हा कवी त्याच्या ढालीचं वर्णन करायला थांबतो, आणि चक्क सांगतो की मला उशीर झाला तरी हे मी सांगणारच. लाल ढाल, तिच्यावर सोनेरी पाच टोकांचा तारा. एक रेघ दुसरीवरून जाते, तिसरीखालून निघते, कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही. सॉलोमन राजाने सत्याची खूण म्हणून ठरवलेली आकृती. लोक तिला न संपणारी गाठ म्हणतात. मग पाच पंचकं: पाच इंद्रियं निर्दोष, पाच बोटं कधी दगा न देणारी, ख्रिस्ताच्या पाच जखमांवर श्रद्धा, मेरीच्या पाच आनंदांतून मिळणारं बळ, आणि पाच गुण, म्हणजे औदार्य, बंधुभाव, निर्मळपणा, शिष्टाचार, करुणा. ढालीच्या आतल्या बाजूला मेरीचं चित्र, लढताना बघता यावं म्हणून.

यात मेख अशी की पाचही गुण एकमेकांत अडकलेले आहेत. एक सैल झाला तर आकृतीच उरत नाही. कवीने नायकाच्या अंगावर अशी खूण चढवली आहे की जिच्यात थोडंसं चुकायला जागाच नाही.

आणि दीड हजार ओळींनंतर तो त्याला पुन्हा कपडे चढवतो. हिरव्या देवळाकडे निघायची सकाळ. लाल उंची अंगरखा, त्यावर त्याची खूण भरलेली, आणि त्याच लाल कापडावर कमरेभोवती दोन वेढे घेऊन हिरवा पट्टा. कवी सांगतो, पट्ट्याच्या टोकांना चकाकणारं सोनं होतं, पण गवेनने तो नटण्यासाठी बांधला नव्हता, जीव वाचवण्यासाठी बांधला होता. पहिल्या वेळी ताऱ्यावर पन्नासेक ओळी खर्ची घातलेला हाच कवी. या वेळी ताऱ्याचं नावसुद्धा घेत नाही. खूण आहे एवढंच सांगून पट्ट्याकडे वळतो. एका गाठीला टोक नाही, दुसरी हाताने मारायची आणि हाताने सोडायची. माझ्या मते अख्खं काव्य या दोन गाठींमधलं आहे.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी २०२१चा सिनेमा पाहिलाय त्यांचंही स्वागत, फक्त सिनेमातलं काव्यात आहे असं धरू नका.

निंबोणी

वाचनखूण साठवली. पट्टा म्हणजे सरळ गंडाच की! आजारी पोराच्या दंडाला बांधतात तसा. आणि गंडा बांधणाऱ्या आईला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. मग बिचाऱ्या गवेनचं एवढं काय चुकलं? उद्या मान उडणार हे नक्की माहीत असताना कोणीही बांधेल.

आडवाट

@निंबोणी, हिरवा सरदार अगदी हेच म्हणतो! तू थोडा कमी पडलास, पण लोभापायी नाही, बाईच्या नादानेही नाही, जिवावर प्रेम होतं म्हणून. त्यामुळे मी तुला फार दोष देत नाही. पुढे म्हणतो, पांढऱ्या वाटाण्याशेजारी मोती ठेवावा तसा तू इतर सरदारांत आहेस. चूक बांधण्यात कमी आणि लपवण्यात जास्त, कारण अदलाबदलीचा शब्द दिला होता.

तिरकस बाण

लेख छान, पण मी जरा उलट बोलणार. या अभ्यासकांना दर पानावर प्रतीक दिसतं. काल एका ठिकाणी वाचलं, २५२५वी ओळ ही पहिल्या ओळीचाच पुनरुच्चार आहे, ट्रॉयच्या वेढ्याचा उल्लेख, आणि २५२५ म्हणजे पाचांचा खेळ, म्हणजे काव्यसुद्धा ताऱ्यासारखं वर्तुळ पुरं करतं. अहो, ओळींना आकडे आपण दिले. चौदाव्या शतकात कोण मोजत बसलं होतं? हिरवा माणूस आला कारण हिरवा माणूस बघून मेजवानीतली मंडळी घाबरतात. बस.

शाईचा डाग

@तिरकस बाण, २५२५चं राहू द्या, पण कडव्यांचं काय? या काव्यात १०१ कडवी आहेत, आणि त्याच हस्तलिखितातल्या 'पर्ल'मध्येही १०१. 'पर्ल'ची शेवटची ओळ पहिल्या ओळीला जाऊन मिळते, इथेही तेच. एकदा योगायोग म्हणू, दोनदा? हा कवी मोजणारा होता.

घडणीबद्दल आणखी एक. प्रत्येक कडव्यात आधी लांब ओळी, अनुप्रासावर तोललेल्या, आणि शेवटी अगदी छोटी दोन अक्षरांची उडी आणि चार यमकदार ओळी. लांब ओळीत साधारण चार आघात, पैकी तीन एकाच ध्वनीचे. गवेन थंडीत उघड्यावर झोपतो ती ओळ मराठीत आणायचा माझा प्रयत्न:

गारांनी गारद होत, गारठल्या लोखंडातच झोपला

तीन ग आणि चौथा मोकळा, मूळ चालही अशीच आहे.

निंबोणी

झकास! आणखी करा.

आडवाट

+१

@तिरकस बाण, हिरव्याचं म्हणाल तर तो नुसता घाबरवायला आला असता तर कवीने त्याला चिलखत घातलं असतं. याच्या अंगावर चिलखत नाही. एका हातात अवाढव्य कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात हॉलीची डहाळी, बाकीची राई बोडकी होते तेव्हा सगळ्यात हिरवी दिसणारी. हॉली म्हणजे नाताळ, म्हणजे शांततेने आलोय. कुऱ्हाड म्हणजे कुऱ्हाड. दोन्ही एकाच वेळी समोर धरतो आणि दरबाराला कळत नाही कशाकडे बघायचं. कपड्यांवर बारीक भरतकाम, पक्षी, फुलपाखरं, घोड्याच्या आयाळीत सोन्याची तार वेणीसारखी गुंफलेली. हा रानटी नाही, दरबारातलाच कोणीतरी चुकीच्या रंगात आला आहे.

त्या काळच्या इंग्रजी वाचकाला हिरव्यातून काय काय ऐकू येत असेल ते बघा. चॉसर या त्याच काळच्या इंग्रजी कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये एका गोष्टीत सैतान हिरवा अंगरखा घालून, उत्तरेकडचा आहे असं सांगत भेटतो. चॉसरच्याच नावावर असलेल्या एका छोट्या कवितेत बेइमान प्रेयसीला सांगितलंय की निळ्याऐवजी तू हिरवं नेस. निळा निष्ठेचा, हिरवा चंचलपणाचा. परीलोक हिरवा, वसंतही हिरवा. कवी यातला एकही अर्थ निवडत नाही. गवेनलाही निवडता येत नाही.

तिरकस बाण

बरं, हॉलीचं पटलं. आकड्यांचं नाही.

डोंगरकडा

मी मँचेस्टरला असतो. हिरवं देऊळ म्हणून जी जागा अभ्यासक सुचवतात त्यातली एक इथून जवळ आहे, स्टॅफर्डशरमध्ये, लड्स चर्च. चर्च नावाचंच. बॅक फॉरेस्ट नावाच्या रानात, डेन नदीच्या वरच्या अंगाला, वाळुकाश्मात पडलेली एक अरुंद भेग. वरून चालताना कळतही नाही की इथे काही आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, सहासात पुरुष उंच, आणि त्यावर शेवाळं आणि नेचे असे दाट की दगड कुठे दिसत नाही. वरून उजेड येतो तोही हिरवट होऊन. पायाखाली भर उन्हाळ्यात चिखल. मधेच भेग वाकते, त्यामुळे दुसरं टोक दिसत नाही. चौदा-पंधराव्या शतकातल्या लोलार्ड नावाच्या बंडखोर ख्रिस्ती पंथाचे लोक इथे लपून प्रार्थना करत अशी आख्यायिका आहे.

काव्यातली जागा मात्र थोडी वेगळी. ओढ्याकाठी गवताने झाकलेला उंचवटा, एका टोकाला आणि दोन्ही बाजूंना भोक, आत पोकळ. पण गवेन स्वतःच म्हणतो, ही जुनी गुहा आहे की जुन्या कड्यातली भेग आहे सांगता येत नाही. भेग म्हटल्यावर आम्हा लड्स चर्चवाल्यांचं काम होतं. :)

शाईचा डाग

देवळाचा प्रसंग मलाही फार आवडतो. देऊळ शोधायला निघालेला माणूस एका मातीच्या पोकळ ढिगाऱ्यापाशी येतो आणि म्हणतो, इथे मध्यरात्री सैतान प्रार्थना म्हणत असेल. आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज.

पण धाग्यात शिकारींवर कोणीच काही बोललं नाही. त्याशिवाय हे काव्य अर्धंच. तीन दिवस, तीन शिकारी: पहिल्या दिवशी हरिणी, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. आणि प्रत्येक शिकारीच्या मधोमध घडी घालून ठेवल्यासारखा पलंगाचा प्रसंग. बाहेर कुत्री, शिंगं, आरडाओरडा. आत पडदे ओढलेला पलंग आणि कुजबूज.

पहिली सकाळ बघा. गवेन अर्धवट झोपेत. दाराशी बारीकसा आवाज होतो. तो पडद्याचा कोपरा जरासा उचलून बघतो. बाई! दार हळूच लावून ती पलंगाकडे येते. हा लाजून पुन्हा आडवा पडतो आणि झोपेचं सोंग घेतो. ती पडदा सारून आत येते, पलंगाच्या कडेला बसते आणि वाट बघत राहते. शेवटी हा आळोखेपिळोखे देऊन जागा झाल्याचं नाटक करतो, दचकल्यासारखं दाखवतो आणि छातीवर क्रूस काढतो. त्याच वेळी बाहेर हरिणींना दरीत कोंडून बाण मारले जात आहेत.

संध्याकाळी कवी हरिणी फाडण्याचं वर्णन करतो. सगळं शास्त्रशुद्ध: आधी चरबी किती बोटं जाड आहे ते बघायचं, मग कातडं, मग आतडी, शेवटी एक ठरावीक हाड कावळ्यांचा वाटा म्हणून फेकायचं. उच्चकुलीनांना ही कला यायलाच हवी असे. ते वाचताना डोक्यात सतत पलंगातला गवेन असतो.

दुसऱ्या दिवशीचं डुक्कर सरळ अंगावर येतं, यजमान ओढ्याच्या पाण्यात उतरून तलवारीने त्याला संपवतो आणि मुंडकं मिरवत घरी आणतो. मुंडकं! गवेनपुढे! त्या दिवशी बाईही जास्त आक्रमक. तिसऱ्या दिवशी कोल्हा. दिवसभर वाटा बदलत, मागे वळत पळतो, शेवटी यजमान समोरून तलवार फेकतो, ती चुकवायला कोल्हा बाजूला झेपावतो आणि थेट कुत्र्यांच्या तोंडात. त्याच सकाळी गवेन सोन्याची अंगठी नाकारतो आणि मग पट्टा घेतो. कुऱ्हाडीचा पहिला घाव येताना त्याचे खांदे जरा आक्रसतात, तेव्हा मला दर वेळी तो कोल्हा आठवतो. आणि संध्याकाळच्या अदलाबदलीत यजमान म्हणतो, आज दिवसभर हिंडून हाती काय लागलं, तर हे घाणेरडं कोल्ह्याचं कातडं. समोर पट्टा लपवून बसलेला पाहुणा.

सातूचं पीठ

दंडवत _/\_

यावरून क्रेत्यँ द त्र्वाचं 'पर्सिव्हल' आठवलं. बाराव्या शतकाच्या शेवटचं, फ्रेंच, अपुरं राहिलेलं. पवित्र ग्रेल, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणातला प्याला, सगळ्यांना माहीत असतो, पण क्रेत्यँकडे तो नुसता रत्नजडित थाळा आहे. मिरवणुकीत समोरून जातो, तरुण सरदार पर्सिव्हल तोंडातून प्रश्न काढत नाही आणि सगळं बिघडतं. पुढे जर्मन कवी वोल्फ्रामकडे त्याचा दगड झाला. माझी आवडती प्रतिमा मात्र ग्रेलची नाही. ससाण्याने हंसासारख्या रानबदकावर झडप घातली, बदक निसटलं, पण बर्फावर रक्ताचे तीन थेंब पडले. पर्सिव्हल ते बघतो, पांढऱ्यावरचा लाल बघून त्याला प्रेयसीचा चेहरा दिसतो आणि तो भाल्यावर रेलून घोड्यावर तसाच तंद्रीत. त्याला उठवायला आर्थरचे दोन सरदार येतात, दोघेही मार खाऊन परत जातात. शेवटी त्याच्याशी नीट बोलून त्याला घेऊन येणारा कोण? गवेनच! तोवर उन्हाने दोन थेंब विरलेले असतात.

आता गवेनच्या काव्यात बघा. तिसऱ्या घावाने ओरखडा निघतो आणि गवेनला बर्फावर आपलंच रक्त दिसतं. तो तंद्रीत जात नाही. टुणकन भालाभर लांब उडी मारतो, शिरस्त्राण चढवतो, ढाल सावरतो आणि तलवार उपसून म्हणतो, एकच घाव ठरला होता, आता मारलास तर मी परत मारीन! जन्माला आल्यापासून इतका आनंद त्याला झाला नव्हता असंही कवी सांगतो. एकीकडे बर्फावरचं रक्त बघून माणूस देहभान विसरतो, दुसरीकडे देह शाबूत आहे हे कळून उडी मारतो.

आडवाट

सुरेख. ही जोडी मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

तिरकस बाण

एक शंका, तिरकस नाही. पट्टा घेतल्यावर त्याच दिवशी गवेन पाद्रीकडे जाऊन पापांची कबुली देतो ना? आणि पाद्री त्याला असं स्वच्छ करतो की उद्या कयामत आली तरी चालेल. मग पट्ट्याचं सांगितलं की नाही? सांगितलं असेल तर परत का केला नाही? नसेल सांगितलं तर कबुली खोटी. इथे कवी गंडलाय की मुद्दाम?

आडवाट

मुद्दाम, असं माझं मत. पट्टा लपवणं हे पाप आहे हे गवेनच्या मनालाच शिवलेलं नाही. त्याच्या दृष्टीने तो एका खेळातला छोटा नियम. पाद्रीसमोरची कबुली कवी मोजक्या ओळींत उरकतो. खरी कबुली नंतर होते, पाद्री नसलेल्या देवळात, हातात धारदार कुऱ्हाड असलेल्या माणसासमोर. आणि हिरवा सरदार म्हणतो, तू कबूल झालास, माझ्या पात्याच्या टोकावर प्रायश्चित्त घेतलंस, आता तू जन्मल्यासारखा निर्मळ. भाषा पूर्ण चर्चची आहे.

निंबोणी

पण त्याआधी गवेन बायकांवर जो घसरतो! आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड, सगळ्यांना बायकांनीच फसवलं म्हणे. शिष्टाचाराचा पुतळा ना हा? ताऱ्यातला एक गुण तिथेच गळून पडला.

आणि हे सगळं मॉर्गन ल फे नावाच्या म्हातारीने, म्हणजे आर्थरच्या जादूगारीण सावत्र बहिणीने, ग्विनिव्हियरला घाबरवून मारण्यासाठी घडवलं, हे शेवटी मोजक्या ओळींत कळतं. तो भाग मला अगदी थातुरमातुर वाटला.

शाईचा डाग

मॉर्गनबद्दल सहमत. पण म्हातारी गढीत आधीपासून डोळ्यांसमोर असते. सुंदर यजमानणीचा हात धरून येते, कवी दोघींचं वर्णन ओळीआड ओळ करतो, एकीचा उघडा गळा, दुसरीच्या गळ्याभोवती गुंडाळलेलं वस्त्र. आपण तरुणीकडे बघत राहतो, गवेनसारखेच.

आडवाट

@निंबोणी, ती चिडचिड मला खरी वाटते. इतका वेळ गोड बोलणारा माणूस पहिल्यांदा ओशाळून बोलतो तेव्हा असंच वाकडं बोलतो.

शेवटाबद्दल लिहायचं राहिलं. गवेन पट्टा आता कमरेला नाही, खांद्यावरून तिरका घेतो आणि डाव्या कुशीत गाठ मारतो. कॅमलॉटला येऊन मानेचा व्रण दाखवतो, लाजेने लाल होतो, सांगतो की ही माझ्या खोटेपणाची खूण, मरेपर्यंत वागवणार. आणि दरबार काय करतो? मोठ्याने हसतो. मग सगळे ठरवतात, आपणही प्रत्येकाने असा हिरवा पट्टा घ्यायचा, गवेनच्या सन्मानार्थ. एका माणसाची लाज दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा गणवेश. सुरुवातीला ताऱ्याचा अर्थ सॉलोमनने ठरवलेला होता, पक्का. शेवटी पट्ट्याचे तीन अर्थ होतात: बाईने दिला तेव्हा कवच, गवेनने मिरवला तेव्हा डाग, दरबाराने घेतला तेव्हा बिरुद. कोणता बरोबर हे कवी सांगत नाही.

डोंगरकडा

ते हसणं मला क्रूर वाटतं. त्यांना काही कळलेलंच नाही.

सातूचं पीठ

मला उलट वाटतं. तू माणूसच आहेस, ये, बस जेवायला, असं ते हसणं आहे. हा एकटाच स्वतःला ताऱ्याच्या मापाने मोजत होता.

तिरकस बाण

हस्तलिखितात शेवटी ऑर्डर ऑफ द गार्टरचं ब्रीद लिहिलंय ना? म्हणजे हे सगळं तिसऱ्या एडवर्डच्या त्या सरदारमंडळाचं कौतुक आहे, १३४८च्या सुमाराचं. फक्त गार्टर निळा आणि हा पट्टा हिरवा. जमत नाही.

आडवाट

ब्रीद आहे, पण काव्य संपल्यावर खाली. नंतर कोणीतरी घातलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे याच गोष्टीची पुढची एक साधी लोकगीतासारखी आवृत्तीही आहे, 'द ग्रीन नाइट' नावाची, सतराव्या शतकातल्या पर्सी फोलिओ या हस्तलिखितात. तिथे मूळ तारा गायब आहे. पट्ट्यावरून ऑर्डर ऑफ द बाथचे सरदार फीत का घालतात याचं कारण सांगितलंय, आणि पट्टा चक्क पांढरा आहे.

तिरकस बाण

पांढरा?! मग हिरव्याचं एवढं पुराण कशाला लावलं होतं इथे.